विश्लेषण : मोबाइलवर पारा दिसतो, वणव्याचा धोका का दिसत नाही?

उन्हाळा सुरू झाला की मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपमध्ये बहुतेक जण एकच आकडा पाहतात, कमाल तापमानाचा. चिकलठाणा वेधशाळेत पारा ४० अंशांवर गेला की छत्रपती संभाजीनगरात ती बातमी होते. त्याच दिवशी रत्नागिरीत ३७ अंश असतील, तर ‘तिकडे जरा बरे दिसते’ म्हणत बोट स्क्रीनवर पुढे सरकते. पण डोंगराला लागणाऱ्या आगीचा विचार केला, तर किनारपट्टीवरचे ते ३७ अंश इथल्या ४० पेक्षा जास्त घातक ठरू शकतात. जाधववाडीच्या बाजारात उतरणारी हापूसची पेटी ज्या बागांमधून येते, तशी एखादी बाग अशाच एका दुपारी दोन-तीन तासांत जळून जाते. कलमे पुन्हा उभी करून उत्पन्न हाती यायला पुढे कितीतरी वर्षे जातात.

या धोक्याचा अंदाज बांधायला जे आकडे लागतात, ते बहुतेक रोज मोजले जातात आणि त्यांतले बरेच जाहीरही होतात. फक्त ते एकत्र करून ‘आज आगीचा धोका इतका’ असे बागायतदाराला कोणी सांगत नाही.

वणव्याचा पाऱ्याशी संबंध किती?

वाटतो त्यापेक्षा कमी. आग पसरण्यासाठी हवा किती तापली आहे, यापेक्षा जमिनीवरचे गवत आणि पाला किती वाळला आहे हे महत्त्वाचे. वाळलेले गवत म्हणजे त्यात पाणी अजिबात नाही, असे नसते. उघडा ठेवलेला पापड पावसाळी हवेत सादळतो आणि कोरड्या हवेत पुन्हा कुरकुरीत होतो, तसेच गवताचे होते. हवेत ७० टक्के आर्द्रता असेल तर गवताच्या काडीत वजनाच्या साधारण १२-१३ टक्के पाणी राहते. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की ते ४-५ टक्क्यांवर उतरते. पहिल्या स्थितीत पडलेली विडी बऱ्याचदा विझून जाते. दुसऱ्या स्थितीत ठिणगीही पुरते.

हा बदल व्हायला किती वेळ लागतो? गवतासारख्या बारीक इंधनाला जेमतेम तास-दोन तास. जाड फांदीला काही दिवस, मोठ्या ओंडक्याला आठवडे. म्हणूनच शेवटचा पाऊस कधी झाला हे लाकडासाठी महत्त्वाचे, तर आज दुपारी हवा किती कोरडी आहे हे गवतासाठी. कोकणातले बहुतेक वणवे कातळसड्यावरच्या गवतातून आणि बागेत साचलेल्या पातेऱ्यातून धावतात. पातेरा म्हणजे झाडाखालचा वाळका पालापाचोळा. त्यामुळे तिथे कालचा आकडा आज फारसा कामाचा नसतो.

त्यानंतर येतो वारा. तो आगीला प्राणवायू पुरवतो, ज्वाला पुढे झुकवतो आणि समोरचे गवत आधीच तापवून ठेवतो. उतारही नेमके हेच करतो. चढाचा कोन दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वनाग्निशास्त्रातला ठोकताळा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला कोणता कोन आहे, हे वेगळे सांगायला नको.

किनाऱ्यावर धोका अचानक का वाढतो?

याचे उत्तर शाळेतल्या भूगोलात आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. दोन गुणांसाठी पाठ केलेली ही जोडी कोकणातल्या उन्हाळ्याचे सगळे गणित सांभाळते. दुपारच्या सुमारास खारे वारे सुरू झाले की तापमान ३२-३३ अंशांवर थांबते आणि हवेत ओल येते. गवत सादळलेले राहते.

काही दिवस मात्र जमिनीकडून येणारे पूर्वेचे वारे इतके जोरदार असतात की समुद्राचा वारा वेळेवर आत येऊच शकत नाही. तो एक-दोन तासांनी लांबतो, कधी संध्याकाळपर्यंत येत नाही. दख्खनच्या पठारावरची, म्हणजे आपल्याच बाजूची तापलेली कोरडी हवा सह्याद्री ओलांडून खाली उतरते आणि उतरताना दाबाने आणखी तापते. मुंबईत मार्च महिन्यात पारा अचानक ४० च्या आसपास जातो तो याच कारणाने. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. अशा दिवशी बातमी तापमानाची होते, पण त्याच वेळी एरवी ६०-७० टक्के असणारी आर्द्रता निम्म्याच्याही खाली कोसळलेली असते. सकाळी सादळलेले गवत दुपारी बारापर्यंत काडेपेटीसारखे होते.

मराठवाड्यात असे होत नाही. संभाजीनगरात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असणे नेहमीचे आहे. इथे आगीचा धोका अख्ख्या हंगामाचा असतो, किनाऱ्यावर तो ठरावीक दिवसांचा आणि काही तासांचा असतो. त्यामुळे स्थानिक अंदाजाचा सर्वाधिक उपयोग किनाऱ्यावरच आहे. जो धोका रोज सारखाच असतो त्याला अंदाज कशाला हवा?

आणखी एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. सकाळी पूर्वेच्या वाऱ्यात लागलेली आग पश्चिमेकडे, उताराच्या दिशेने संथपणे सरकत असते. गावकरी ओल्या डहाळ्यांनी ती झोडपत असतात. दुपारी उशिरा समुद्राचा वारा आत घुसला की दिशा उलटते. इतका वेळ जी आगीची शांत बाजू होती तीच तोंड बनते आणि चढावर धावू लागते. वारा कधी फिरणार, हे त्या डहाळी धरलेल्या माणसाला आधी कळले पाहिजे.

गोव्यात २०२३ मध्ये काय घडले?

किनारी राज्यातल्या वणव्याचे अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण सिंधुदुर्गाला लागूनच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्यासाठी सर्वाधिक ठरले. मार्चच्या सुरुवातीला गोव्यासाठी हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला, शाळा दुपारच्या आत सोडण्याचे आदेश निघाले. आणि त्याच सुमारास सत्तरी तालुक्यातल्या म्हादई अभयारण्यात आगी भडकल्या. सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य दोडामार्गपासून फार दूर नाही. आग एका जागी नव्हती, डोंगराळ भागात अनेक ठिकाणी होती. वाटा नाहीत, बंब पोहोचत नाहीत. शेवटी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर पाण्याच्या बादल्या लटकवून उडवावी लागली.

आगी कोणी लावल्या, का लावल्या यावर गोव्यात बराच वाद झाला, चौकशीचे आदेश निघाले. तो मुद्दा महत्त्वाचाच आहे. पण त्या गदारोळात दुसरा प्रश्न मागे पडला. उष्णतेचा इशारा वेळेत आला होता, शाळांनी तो पाळलाही. म्हणजे अंदाज होता, तो पोहोचला होता आणि त्यावर यंत्रणा हललीही होती. मात्र तो इशारा माणसांसाठी होता, जंगलासाठी नव्हता. किनारी भागात कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त झाले की उष्णतेची लाट धरली जाते. या व्याख्येत आर्द्रता किती घसरली आणि वारा कुठून वाहतोय, याला जागा नाही. हवामान खात्याच्या यलो, ऑरेंज, रेड इशाऱ्यांच्या यादीत मुसळधार पाऊस, गारपीट, वादळी वारे, धुके, थंडीची लाट, उष्ण रात्र असे अनेक प्रकार आहेत. वणवा त्यात नाही.

उपग्रह आग दाखवतात, मग अडले कुठे?

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीच्या सूचना देते. २०१९ मध्ये ही यंत्रणा नव्याने सुधारली गेली. सूचना थेट बीटवरच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर जाते, आणि सामान्य नागरिकही ‘वन अग्नि’ पोर्टलवर नाव नोंदवून आपल्या भागाचे एसएमएस घेऊ शकतो. व्यवस्था चांगली आहे. नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या हंगामात तिने देशभरात २ लाख ३ हजार ५४४ ठिकाणे टिपली.

मात्र ही सूचना आग लागल्यानंतरची आहे, आणि तीसुद्धा उपग्रह डोक्यावर असेल तेव्हाची. आगीसाठी जो ‘व्हीआयआयआरएस’ नावाचा संवेदक मुख्यतः वापरला जातो, तो असलेले उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात. दुपारी तीनला पेटलेले गवत संध्याकाळी सहापर्यंत राख झाले, तर ते त्याच्या नजरेतच येत नाही. नकाशावरचा एक ठिपका ३७५ मीटर बाजूचा चौकोन असतो, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. कोकणातल्या अनेक बागा एक-दोन हेक्टरच्या असतात. शिवाय ही व्यवस्था वनक्षेत्र डोळ्यांपुढे ठेवून उभी केली आहे. रत्नागिरीत सरकारी जंगल अगदी थोडे आहे, डोंगर बहुतेक खासगी मालकीचे. तिथे आग लागली तर वनरक्षकाच्या आधी शेजारच्या बागेचा मालक धावतो, आणि त्याला खबर मिळते ती धूर पाहून.

हवामानावर आधारलेली पूर्वसूचनाही वन सर्वेक्षण काढते, पण ती राज्यांच्या वन विभागांसाठी असते. ती वाडीवर पोहोचत नाही.

बाहेरचे देश धोका कसा मोजतात?

कॅनडाच्या ‘फायर वेदर इंडेक्स’ला रोज दुपारचे चारच आकडे लागतात : तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि आदल्या २४ तासांतला पाऊस. उपग्रह नको, महासंगणक नको. त्यातून बारीक गवत, मधला थर आणि खोलवरचा थर किती वाळला हे वेगवेगळे काढले जाते आणि शेवटी एक आकडा मिळतो. ही पद्धत आज अनेक देश वापरतात.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन मॅकआर्थर यांनी १९६० च्या दशकात धोक्याचा निर्देशांक तयार केला. १९३९ च्या भीषण वणव्याच्या दिवसाला त्यात १०० धरले होते. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ला मेलबर्नमध्ये ४६.४ अंश तापमान होते, वणव्यांत १७३ जणांचा बळी गेला. त्या दिवशी संध्याकाळी वारा फिरला आणि आगीची लांबलचक कड एकदम तोंड बनली. वर सांगितलेला कोकणातला प्रकारच, फक्त अक्राळविक्राळ. त्यानंतर तिथल्या इशाऱ्यांत सर्वांत वरची, ‘विनाशकारी’ ही पायरी आली. १ सप्टेंबर २०२२ पासून देशभर एकच चार पायऱ्यांची पद्धत सुरू झाली. पूर्वी पायऱ्या जास्त होत्या आणि लोक गोंधळत. आता प्रत्येक पायरीला एक साधी कृती जोडलेली आहे : तयारी ठेवा, सज्ज व्हा, लगेच पावले उचला, जीव वाचवायचा तर धोक्याच्या भागातून निघून जा. धोक्याच्या दिवशी उघड्यावर काहीही पेटवायला बंदी जाहीर होते आणि लोक ती पाळतात, कारण ती रोजची नसते.

कोकण म्हणजे ऑस्ट्रेलिया नव्हे, हे खरेच. तिथल्या निलगिरीच्या तेलकट जंगलासारखी आग इथे शेंड्याशेंड्यांवरून उडत जात नाही, इथली आग बहुधा जमिनीवरून सरपटते. त्यामुळे त्यांची गणिते जशीच्या तशी उचलून चालणार नाहीत. सड्यावरच्या गवतासाठी, काजूच्या पातेऱ्यासाठी आकडे नव्याने बसवावे लागतील. अवघड भाग एवढाच आहे, आणि तो एखाद्या विद्यापीठाच्या आवाक्यातला आहे.

आपल्याकडे आकडे कुठे आहेत?

ठिकठिकाणी पडलेले आहेत. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. ती पाऊस आणि तापमानाबरोबर आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशाही मोजतात. या नोंदींवर फळपीक विम्याची भरपाई ठरते. म्हणजे कोकणातल्या आंबा-काजू बागायतदाराला ‘मंडळातले केंद्र’ ही गोष्ट नवी नाही, तो त्यावरून विमा कंपनीशी भांडतोही. पण विम्यात पाहिले जाते ते अवेळी पाऊस, कमी किंवा जास्त तापमान, वारा. त्याच केंद्राने दाखवलेली कोरडी हवा आणि पूर्वेचा वारा यांच्या बेरजेतून बाग जळाली, तर ती बेरीज कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हवामान खाते आणि कृषी विद्यापीठे मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला काढतात. कोकणासाठी तो दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडून येतो, मराठवाड्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, सकाळची व दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा हे सगळे त्यातल्या तक्त्यात असते. ‘मेघदूत’ अ‍ॅपवर ते मराठीत वाचताही येते. कॅनडाला लागणारे चारही आकडे इथे एकाच तक्त्यात आहेत! तक्त्याखाली तुडतुडे, भुरी, फळगळ यांवर सल्ला असतो आणि तो उपयोगी असतो. त्याला आगीच्या धोक्याची एक ओळ जोडायला नवे केंद्र उभारावे लागत नाही.

अंदाजही आता बारीक होत आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवर अंदाज देण्यास सुरुवात झाली. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यरत झाली आणि जागतिक प्रारूपाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. समुद्राचा वारा कुठवर आत येईल हे सांगायला ही बारीक चौकट कामाची आहे, कारण किनारा ते सह्याद्री हे अंतरच मुळात ५०-६० किलोमीटरचे. दुसरीकडे, जिल्हा पातळीवर स्थानिक सल्ला लिहिणारी देशातली १९९ कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. यंत्र बारीक झाले आणि त्याचे बोलणे गावाच्या भाषेत सांगणारा माणूस कमी झाला, अशी ही गंमत आहे.

सरसकट बंदी घातली तर?

कायदा आहेच. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे, अभयारण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३० आहे. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. जाळरेषा काढल्या जातात, हंगामी मजूर नेमले जातात.

पण कोकणातला शेतकरी याच महिन्यांत भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतो. कवळ तोडून, पातेरा, गवत, शेण पसरून जमीन भाजणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. राबाशिवाय रोपे तयार करण्याचे पर्याय आहेत, पण राब काही उद्या थांबणार नाही. बागेतला पालापाचोळाही पेटवला जातो. रस्त्याकडेचे गवत, शिकारीसाठी लावलेली आग, फेकलेली विडी, विजेच्या तारांच्या ठिणग्या ही कारणे वेगळी. चार महिने काहीच जाळू नका, असे सांगणारा फलक कोणी वाचत नाही. चार महिन्यांची बंदी म्हणजे प्रत्यक्षात एकाही दिवसाची नाही. ‘उद्या आणि परवा पूर्वेचा वारा आहे, दुपारी आर्द्रता २५ टक्क्यांवर येईल, दोन दिवस राब भाजू नका’ हा निरोप मात्र ऐकला जाईल. शेतकऱ्यालाही आपला राब शेजाऱ्याच्या काजूत गेलेला नको असतो. महावितरणलाही तोच निरोप उपयोगी आहे : तारांखालचे गवत त्या दोन दिवसांच्या आधी काढता येईल.

मराठवाड्याला याचा काय उपयोग?

कन्नडच्या गौताळा औट्रम घाट अभयारण्याचे सुमारे २६० चौरस किलोमीटर पानझडीचे जंगल मार्चनंतर अक्षरशः वाळून जाते. सुलीभंजन, म्हैसमाळ, दौलताबादचे डोंगर, शहराच्या भोवतालच्या टेकड्या, सगळीकडे गुडघाभर पिवळे गवत. टेकड्यांवर स्वयंसेवकांनी टँकरच्या पाण्यावर जगवलेली रोपे एका आगीत जातात. इथे हवेची कोरडेपणाची पातळी हंगामभर वाईटच असल्याने फरक पाडतो तो वारा. दुपारी वावटळी उठू लागल्या, किंवा वळवाच्या ढगांबरोबर पावसाआधीचे सोसाट्याचे वारे येणार असतील, तर तो दिवस वेगळा. ढग आले की लोक निर्धास्त होतात. पाऊस न पडता नुसता वारा सुटला तर तो सर्वांत वाईट दिवस ठरतो.

तोवर मोबाइलवर काय पाहायचे?

कमाल तापमानाच्या खाली जाऊन दुपारची आर्द्रता आणि वारा पाहायचा. अनेक देशांतले अग्निशमन कर्मचारी ‘तीस-तीस-तीस’चा ठोकताळा वापरतात : तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. आपल्याकडे उन्हाळ्यात पहिली अट रोजच पुरी होते, म्हणून उरलेल्या दोनच पाहायच्या. कोकणात बाग असेल तर तिसरी गोष्ट वाऱ्याची दिशा. दुपारी एक वाजताही अंदाजात वारा पूर्वेचा किंवा ईशान्येचा दिसत असेल, तर त्या दिवशी बागेत काहीही पेटवू नये, आणि बांधालगतचा सहा-सात फुटांचा पट्टा आधीच झाडून ठेवावा. ‘मेघदूत’वर जिल्हा निवडला की हे आकडे दिसतात. मंगळवारी आणि शुक्रवारी ते नव्याने येतात.

आग दिसलीच, तर वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. फोन करताना आग कुठे आहे यासोबत वारा कोणत्या दिशेला वाहतोय तेही सांगावे, म्हणजे येणारी तुकडी आगीच्या पुढ्यात न जाता कडेने शिरू शकते.